सोनवणे बाईंचा व्हरांडा

"हात वर!" असं सोनवणे बाई ओरडल्या की आमच्या स्टुडिओत सगळ्यांनी हात वर करायचे. एडिटिंगला बसलेल्याने कीबोर्डवरून, मी माझ्या कॅमेऱ्यावरून. परवा पासपोर्ट फोटोला आलेले एक पेन्शनर गृहस्थ स्टुलावर दोन्ही हात वर करून चक्क थरथरत होते. दरोडा वगैरे काही नव्हता हो. बाई कॉम्प्युटरवरच्या फाइली पुसत होत्या; तेवढ्यात कोणाचा हात कुठे लागायला नको.

बिबवेवाडीत माझा लग्नाच्या फोटोंचा धंदा आहे. लग्नाआधी दिवसातून चार फोन करणारी माणसं लग्नानंतर अल्बमचे फोटो निवडायला वर्ष लावतात. विचारलं की म्हणतात, "काका, बघतो ना वीकेंडला." कपाळ तुमचं! तोवर यांच्या पोराचं बारसंही मीच शूट करतो. माझी डिस्क म्हणजे काय फुकटची धर्मशाळा आहे? शेवटी मी ही साफसफाई सोनवणे बाईंवर सोपवली. बाई सरकारी कचेरीच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेल्या. एकट्याच राहतात. माऊसचा त्यांना मनस्वी तिटकारा. जे करायचं ते काळ्या पडद्यावर, टाइप करून.

तिथली त्यांची पद्धत म्हणजे एक सोवळंच आहे. 'आरएम' लिहिलं की फाइली कायमच्या जातात, कचरापेटीतसुद्धा सापडत नाहीत. म्हणून बाई आधी तीच ओळ 'आरएम'च्या जागी 'एलएस' लिहून चालवतात. त्याने नुसती यादी दिसते. ती यादी त्या चष्मा कपाळावर चढवून, पडद्याला नाक लावून वाचतात. सगळं बरोबर असलं तर तीच ओळ परत आणून फक्त 'एलएस'चं 'आरएम' करायचं. मग "हात वर!"

"यादी न वाचता पुसणारा," बाई म्हणतात, "आणि इकडे-तिकडे न बघता सातारा रोड ओलांडणारा, दोघांनाही माझा लांबून नमस्कार."

इथपर्यंत मी सहन केलं असतं. पण बाई आरएमपर्यंत पोचतील तर ना! त्या फाइली आधी 'व्हरांडा' नावाच्या फोल्डरमध्ये हलवतात. मला म्हणतात, "काळे, माणसाला घराबाहेर काढताना आधी व्हरांड्यात बसवावं. कोणी चौकशीला आलं नाही, तर मग हाकलावं." आणि हा व्हरांडा कुठे? त्याच डिस्कवर! म्हणजे सामान या खोलीतून त्या खोलीत, आणि घर भरलेलं ते भरलेलंच. हे मी त्यांना किती वेळा ओरडून सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं: "ओरडल्याने जागा होत असेल तर ओरडा."

गेल्या शनिवारी माझं टाळकं सटकलं. रविवारी लग्न, कॅमेऱ्याची सगळी कार्डं भरलेली आणि ती उतरवायला डिस्कवर तिळभर जागा नाही. जागा होणार होती ती एकाच लग्नातून. कर्वेनगरच्या एका जोडप्याचं लग्न, भलंमोठं. त्यांचा घटस्फोट झाला होता. मुलगा हिंजवडीत नोकरीला, त्याने फोनवरच सांगून टाकलं, "काका, उडवा सगळं. आय डोन्ट वॉन्ट एनीथिंग." तरी बाई ढिम्म. त्यांनी मुलीलाही फोन केला आणि ती येईपर्यंत पुसायचं नाही म्हणून हटून बसल्या.

"अहो, लग्न मोडलंय त्यांचं! काय अल्बम करायला येणार आहे ती?" मी किंचाळलो आणि त्यांना बाजूला करून स्वतःच पडद्यासमोर बसलो. व्हरांड्याची यादी काढली. त्यात 'थोरली मंडळी' नावाचं एक धिप्पाड फोल्डर. उघडलं, तर आत नवरा नाही, नवरी नाही. नुसते म्हातारे-म्हाताऱ्या! प्रत्येक लग्नातले! खुर्चीत पेंगणारे, चपला शोधणारे, मधुमेह असून चोरून जिलबी खाणारे.

"माझ्या डिस्कवर वृद्धाश्रम काढलाय तुम्ही?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काढलाय," बाई तितक्याच जोरात म्हणाल्या. "म्हातारं माणूस गेल्यावर लोक तुमच्याकडे काय घेऊन येतात? आधार कार्ड! 'एवढा मोठा करून द्या हो.' जन्मभर खपलेली बाई भिंतीवर टांगायची, ती फरार आरोपीसारखी! लाज नाही वाटत?"

मी उत्तर देणार तेवढ्यात दार उघडलं. तीच मुलगी होती, मृदुला. आमचे चेहरे बघून दारातच थबकली.

"मला फोटो नकोत," ती घाईने म्हणाली. "पुसून टाका. फक्त... त्याच्या आजींचा एखादा असेल का? त्या गेल्या महिन्यात गेल्या. मला कोणी कळवलं नाही. मला रोज संध्याकाळी फोन करायच्या त्या, सगळं झाल्यावरसुद्धा."

बाई मला उठवून खुर्चीत बसल्या आणि त्या 'थोरल्या मंडळीं'तून एक फोटो काढला. नऊवारीतली म्हातारी, तोंडाला पदर लावून खो खो हसणारी. मी प्रिंट काढून दिला. मुलगी त्याच्याकडे बघत उभ्या उभ्या रडली. मग तिच्यादेखत बाईंनी यादी वाचली आणि बाकीचं लग्न पुसलं.

ती गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक, कोणीतरी येईल म्हणून?"

"मीही गेले होते ना, दारापर्यंतच," बाई म्हणाल्या. "माझं मोडलं तेव्हा सासूबाई एकट्या माझ्या बाजूने बोलल्या होत्या. त्या गेल्याचं कळलं, तर मी त्यांच्या घरासमोर जाऊन उभी राहिले. वर जायचं कोणत्या नात्याने? तशीच परत आले."

"फोटो?"

"कुठला फोटो? आमच्या लग्नात त्या पूर्ण वेळ कोठीत होत्या, नारळ-साखर काढून देत. फोटोवाला तिकडे फिरकलाच नाही."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मुहूर्ताची गडबड चालली होती. मी आधी कॅमेरा घेऊन कोठीत शिरलो. तिथे दोन म्हाताऱ्या पानसुपारीची तबकं लावत बसल्या होत्या.

"अहो फोटोवाले, इकडे कुठे? नवरी तिकडे आहे!" त्या ओरडल्या.

"ठाऊक आहे मला!" मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडलो. "ते तबक ठेवा खाली आणि वर बघा!"