बंद न पडणारं मशीन

"माझ्या कोडला हात कोणी लावला?"

संग्राम साळवी ऑफिसात शिरला तो हे ओरडतच. खांद्यावरची बॅगही त्यानं उतरवली नव्हती.

ऑफिस म्हणजे वालीवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याचा पोटमाळा. एडवर्ड लोपीस यांची छोटी कंपनी तिथं कारखान्यांसाठी कंट्रोलरच्या पेट्या बनवायची. पॅकिंग लाईनवरचे सगळे वजनकाटे वायरनं या पेटीला जोडलेले असत. पेटीनं वजन मान्य केलं की पट्टा पुढे सरके. पेटीचा सगळा कारभार बुडाशी बसून हाकणारा प्रोग्रॅम, म्हणजे कर्नल, इंटरनेटवर फुकट मिळालेला होता. काट्यांशी बोलणारा त्यातला भाग मात्र संग्रामनं स्वतः लिहिला होता, आणि त्याबद्दल कोणी ब्र काढलेला त्याला खपत नसे.

"मी लावला, सर," वर्षभरापूर्वी नोकरीला लागलेली ज्ञानदा म्हणाली. "प्रत्येक काटा सॉकेट, म्हणजे पेटीशी बोलायची वाट, उघडतो, तेव्हा आपण त्याला मेमरी देतो. ते तुम्ही चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिलंय. त्यातल्या एका ठिकाणी दिलेली मेमरी परत घ्यायलाच विसरलात. मी सगळं एका फंक्शनमध्ये आणलं."

"चालत होतं ना?"

"नव्हतं. रोज दुपारी मेमरी संपून बंद पडत होतं."

"ते वायरिंगमुळे!"

"वायरिंगला रोज दुपारीच काय होतं, सर? झोप येते?"

संग्रामनं बॅग टेबलावर आदळली. एडवर्ड जिना चढून धापा टाकत वर आले. "अरे, खाली गिऱ्हाईक बसलंय! बिस्किटवाल्या शेठकडे लावून बघा. चाललं तर चाललं. पण भांडायचं ते इथं नाही."

बिस्किटं पॅक करणाऱ्या त्या कारखान्यात नवा कोड गेला. आठवडाभर पेटी एकदाही अडली नाही. संग्राम रोज दुपारी फोनकडे बघत बसायचा आणि तो वाजला नाही की अधिकच चिडायचा.

शेवटी फोन वाजला. पलीकडून शेठ किंचाळत होते, "लाईन ठप्प झालीये! ताबडतोब या!"

रिक्षात संग्रामच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "म्हटलं होतं! चालत्या गाडीला खीळ घालायची ही कसली हौस?"

कारखान्यात पोहोचले तर पेटीवरचा हिरवा दिवा लागलेला. पट्टा रिकामाच उभा होता आणि सगळे कामगार जमिनीवर मांडी घालून बसले होते. त्यांचा पुढारी काळूराम उठून उभा राहिला.

"पेटी तर चालू आहे," ज्ञानदा म्हणाली.

"पेटीचं काय नाय, मॅडम. आमचा चहा बंद पडलाय."

"चहा?"

"रोज दुपारी पेटी बंद पडायची. परत चालू होईपर्यंत आमचा चहा व्हायचा, पानी प्यायला मिळायचं, बाया जरा पाठ टेकायच्या. शेठनी सुट्टी कधी दिलीच नाय. ती पेटीच द्यायची. पन तुम्ही ती दुरुस्त केली!"

ज्ञानदा शेठकडे वळली. "मग द्या ना चहाची सुट्टी."

"एका शेडला दिली की तिन्ही शेडना द्यावी लागेल!" शेठ उसळले. "मशीन बंद पडलं तर कोणाचा दोष नाही. सुट्टी दिली तर ती मी दिली असं होतं. मॅडम, तुमच्या नव्या कोडनं पट्टा जोरात पळतो, तो तसाच पाहिजे. फक्त दुपारी तेवढा बंद पडला पाहिजे. जमत नसेल तर पेटी उचला."

"मी चुका काढायला महिनाभर डोळे फोडलेत," ज्ञानदा कडाडली. "आता मुद्दाम चूक करू? मी नाही लिहिणार!"

"मी लिहितो," संग्राम म्हणाला. "बंद पाडायला काय अक्कल लागते?"

ऑफिसात परतल्यावर त्यानं बाह्या सरसावल्या. कोड बदलला आणि चाचणीच्या पेटीवर काट्यांच्या खोट्या वजनांचा भडिमार सुरू केला. दिवा हिरवाच राहिला. आणखी दोन ठिकाणी मोडतोड केली. हिरवाच. त्यानं टेबलावर मूठ आपटली, कर्नलला शिव्या घातल्या, एडवर्डना "मागे उभे राहू नका" म्हणून हाकलून लावलं. खालचे लोक शटर ओढायला लागले तरी पेटी ठणठणीतच होती.

"ज्ञानदा," तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला, "इकडे ये जरा."

"काय?"

"पडत नाहीये."

ती हाताची घडी घालून मागे येऊन उभी राहिली. "तुम्ही मेमरी सांडताय, पण काट्याचं सॉकेट बंद झालं की माझं फंक्शन ती गोळा करून परत ठेवतं."

"कशाला लिहिलंस असं?" संग्राम गरजला. "माणसानं काही करायचं म्हटलं तर करूच द्यायचं नाही!"

"सरका," ती तितक्याच रागानं म्हणाली. वाकून तिनं मेमरी परत घेणारी स्वतःची ओळ शोधली, दात खाऊन ती खोडली आणि पुन्हा भडिमार लावला. मेमरीचा आकडा घसरत गेला. थोड्या वेळानं पेटी गप्प झाली आणि लाल दिवा लागला.

जिन्यातून डोकावणाऱ्या एडवर्डनी छातीवर क्रूस केला. ज्ञानदा तोंड फिरवून पर्स आवरू लागली.

संग्रामनं मात्र त्या लाल दिव्यावर टिचकी मारली.

"एवढा खटाटोप!" तो वैतागून म्हणाला. "माझ्या कोडमध्ये हे आपोआप व्हायचं."