पल्क्रिट्यूडिनस सून

शाळांचे गणवेश शिवून शिवून शिंपीमास्तरांना आपल्याला इंग्रजी येतं असं वाटू लागलं होतं. मुलासाठी स्थळाचं पत्र आलं तेही इंग्रजीत. लिहिणारे मुलीचे मामा, निवृत्त हेडमास्तर. मास्तरांनी मशीन थांबवलं, बायकोला समोर बसवलं आणि ऐटीत अर्थ सांगायला घेतला. मुलगी शिकलेली होती, कामात चलाख होती, स्वभावाने शांत होती. पुढच्या ओळीवर मात्र गाडी अडली. मुलगी ‘पल्क्रिट्यूडिनस’ होती.

“म्हणजे काय हो?” बायकोने विचारलं.

मास्तरांनी पुढचं वाचलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीला हे लहानपणापासून होतं, तिच्या आईलाही होतं, आणि अलीकडे वाढतच चाललं होतं.

बायकोने डोक्याला हात लावला. दोघं तडक नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता, पण तसं कबूल केलं तर दवाखाना कसा चालायचा? त्यांनी चष्मा पुसला, घराण्यात कुणाला होतं का विचारलं आणि गंभीरपणे मान हलवली.

“औषध नाही यावर. पण चाळिशीनंतर आपोआप कमी होतं.”

घरी मुलाला सगळं सांगितलं. त्याने मुलीला एका लग्नात एकदाच पाहिलं होतं. ऐकून तो पांढराफटक पडला. मग म्हणाला, “असू दे आजार. मी सांभाळीन तिला.”

आईने डोळ्यांना पदर लावला. मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांनी लगेच मामांना फोन लावला, आजार लपवला नाहीत म्हणून आभार मानले आणि मुलगा तरीही तयार असल्याचं सांगितलं.

“कसला आजार?” मामा गोंधळले.

मास्तरांनी एकेक अक्षर लावून तो शब्द वाचून दाखवला. पलीकडे मामांना ठसका लागला.

“अहो, त्याचा अर्थ अतिशय देखणी,” मामा कसेबसे म्हणाले.

मास्तरांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ते फोन ठेवणार, तेवढ्यात पलीकडे मामांशेजारी ऐकत उभ्या असलेल्या मुलीनेच तो घेतला. मामांनी हे स्थळ सुचवून पंधरा दिवस झाले तरी तिने हो की नाही ते सांगितलं नव्हतं. आजाराचं कळूनही मुलगा खरंच हो म्हणाला का, एवढंच तिने विचारलं.

“हो,” मास्तर पुटपुटले.

“मग माझाही होकार,” ती म्हणाली. “फक्त यापुढे पत्रं मी लिहीन. मराठीत.”