लेबल नसलेल्या दोन बाटल्या

सम्राट साळवेने न्हाणीघराचं दार उघडलं, तेव्हा त्याची नवी नोकरी बादलीत लगदा होऊन तरंगत होती.

"आई, लेबलं काढलीस?"

"घासून काढली. लई चिवट गोंद हुता," भागिरथीबाईंनी तारेची घासणी झटकली. "चारला वर्षावासाच्या वाचनाला बाया यायच्यात. रोज पंचशील म्हनायचं आन फ्रीजमधी दारूच्या बाटल्या? आता बघ, कोकम सरबत वाटतंय."

वाटत होतं खरं. तेच तर दुखणं होतं.

सम्राट तीन वर्षं हायवेच्या हॉटेलात थाळ्या वाढत होता. आता पुणे रोडला एका वाइन कंपनीचं नवं रेस्टॉरंट निघत होतं आणि त्यांना पाहुण्यांना वाइन समजावून सांगणारा माणूस हवा होता. अंगात जाकीट, हातात ग्लास आणि काम काय तर बोलायचं. असली नोकरी भिंगारमध्ये कुणी ऐकलीसुद्धा नव्हती. त्यासाठी कंपनीने दोन बाटल्या दिल्या होत्या, एक कॅबरनेट आणि एक शिराझ. दोन्ही लाल, दोन्ही दाट, दोन्ही अंगापिंडाने भरलेल्या. साडेचारला व्हिडिओ कॉलवर सीमा मॅडमसमोर त्या ओतून दोघींतला फरक सांगायचा होता. सम्राटने आठ दिवस घोकंपट्टी केली होती. कॅबरनेट म्हणजे ढोबळी मिरची आणि देवदाराचं लाकूड, शिराझ म्हणजे काळी मिरी आणि धूर. फक्त आता कॅबरनेट कुठली आणि शिराझ कुठली, हे फक्त त्याचं नशीबच जाणे. बाटल्या सारख्या, झाकणंही सारखी.

"जिभेवर घेतो आणि थुंकतो," तो म्हणाला. "मोठमोठे लोक तसंच करतात."

"तोंडात गेलं म्हंजी पाचवं शील मोडलं. मग थुंक न्हाईतर गिळ."

"मग ओळखू कसं?"

"हुंग की. हुंगायला कुठं मना हाय?"

सम्राटने दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली आणि नाक खुपसलं. पहिल्या ग्लासाला बामचा वास आला. दुसऱ्यालाही बामचाच आला. सकाळी मुलाखतीच्या धसक्याने तो सटासट शिंकत होता, म्हणून आईने नाकाभोवती बोटभर बाम फासला होता. मायेलाही कधीकधी मुहूर्त कळत नाही. घड्याळात पावणेचार झाले होते आणि सम्राटला घाम फुटला होता.

भागिरथीबाईंना त्याचं तोंड बघवेना. त्यांनी ग्लास उचलला. ह्या बाईंचा काळा मसाला अर्धं भिंगार खातं. मिरच्या गिरणीत जायच्या आधी नुसत्या वासावर ओल्या-सुक्या वेगळ्या काढणारं नाक होतं ते.

"ह्याच्यात मिरी हाय," त्या म्हणाल्या. "खलबत्त्यात कुटलेली." मग दुसरा ग्लास. "आन ह्याला ढोबळ्या मिरचीचा देठ मोडल्याचा वास हाय."

सम्राट टुणकन उठला आणि तसाच खाली बसला. "आई, आठ दिवस माझं पाठांतर तू ऐकतेयस. कानात होतं तेच नाकात आलं असेल."

"मग ज्यानं ऐकलं न्हाई त्याला इचार."

तेवढ्यात दारात चपला वाजल्या. पांढऱ्या साड्यांत पाच बाया आल्या, पुढे शेजारच्या लंकाबाई. भागिरथीबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "ही दारू हाय. सम्राटच्या नोकरीची परीक्षा हाय. प्यायची न्हाई, निस्ती हुंगून सांगायची." बाया एकमेकींकडे बघू लागल्या. पण पोराच्या नोकरीचा प्रश्न म्हटल्यावर लंकाबाईंनी पदर खोचला.

"ह्यात जांभळं हायती," त्या मिरीवाला ग्लास हुंगून म्हणाल्या. "आन चुलीचा धूर. भाकर करपल्यावानी."

"ह्याला नव्या कपाटाचा वास येतोय," बनुबाई दुसऱ्या ग्लासातून म्हणाल्या. "आमच्या सुनेच्या रुखवतात आल्तं न्हाई का, तसा."

धूर आणि लाकूड! सम्राटने मिरीवाल्या बाटलीच्या गळ्याला खुणेचा दोरा बांधला आणि तो भराभर वहीत लिहू लागला. आईचं नाक खरं निघालं होतं. ग्रंथ बाजूला राहिला, ग्लास हातोहात फिरू लागले, आणि एकीला लवंग सापडली म्हणून दुसरी हट्टाने दालचिनी शोधू लागली. त्या गलक्यात साडेचार कधी वाजले, कळलंच नाही. फोन वाजला. बाया भिंतीला चिकटून चिडीचूप बसल्या.

सम्राटने बाटल्यांतून पुन्हा ओतली आणि बोलायला सुरुवात केली. पाठ केलेलं सगळं विसरून तो बायांचंच बोलत होता. "मॅडम, ही शिराझ. आधी खलबत्त्यातली मिरी, मग जांभूळ, आणि शेवटी चुलीवर करपलेल्या भाकरीचा धूर. ही कॅबरनेट. मोडलेला ढोबळी मिरचीचा देठ आणि नव्या कपाटाचं लाकूड."

सीमा मॅडम पुढे सरकल्या. "वा. आणि तुम्ही लेबलंसुद्धा काढून टाकलीत. बाकीच्या चौघांनी मागचं लेबल वाचून दाखवलं. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला."

नोकरी हातात आली होती. फक्त गप्प बसायचं होतं. सम्राटने समोर पाहिलं. फोनच्या मागे आईने चार बोटं वर केली होती. चौथं शील, खोटं बोलायचं नाही. त्याने ग्लास खाली ठेवला.

"मॅडम, लेबलं आईने घासून काढली. आणि वासही मला आले नाहीत. नाकाला बाम आहे. आईने आणि शेजारच्या बायांनी हुंगून सांगितलं."

मॅडम उठल्या. त्यांच्या केबिनचं दार बंद झाल्याचा आवाज आला. लंकाबाईंनी कपाळाला हात लावला. मॅडम परत खुर्चीत बसल्या आणि आवाज अगदी खाली आणला.

"सोमवारी दहाला या. न आलेला वास आला म्हणून सांगत नाही, असा माणूस मला आमच्या धंद्यात पहिल्यांदाच भेटला. आता जरा फोन आईंकडे द्या."

भागिरथीबाईंनी पदराने हात पुसून फोन घेतला.

"मावशी," मॅडम कुजबुजल्या, "ती ढोबळी मिरची मी सहा वर्षं लोकांना सांगतेय. मला अजून एकदाही आलेली नाही. ती नेमकी कशी हुंगायची?"

भागिरथीबाईंनी फोन तोंडाजवळ धरला.

"मिरची हाय का तिथं?" त्या म्हणाल्या. "आधी ती आना. मग सांगते."