अक्षयाच्या खेळाचं गाऱ्हाणं

सत्यवानाची अक्षया दोन वर्षं शाळेच्या कबड्डी संघात होती, आणि दोन्ही वर्षं बाकावर होती. उद्या तालुक्याचा अंतिम सामना. त्यानंतर वयाच्या अटीमुळे तिचा या गटातला खेळ कायमचा संपणार. पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती. म्हणून सत्यवान काजूच्या बागेतलं काम टाकून मैदानावर निलेश सरांना गाठायला गेला.

"सर, माझ्या चेडवाक, अक्षयाक, एकदा तरी खेळवा. बाकावर बसान बसान तिका मुळां फुटाक लागली."

सर आधीच वैतागलेले. आठवड्यातले हे पाचवे पालक. "काका, संघ मी ठरयतंय. तक्रार आसात तर त्या राखणदाराक सांगा!" मैदानाच्या कडेला सातविणीच्या झाडाखाली गावाची राखण करणाऱ्या देवाचा, राखणदाराचा, काळा पाषाण होता. तिकडे बोट दाखवून सरांनी मोटारसायकलला किक मारली.

दुसऱ्या कोणी हे चेष्टेवारी नेलं असतं. पण सत्यवानाच्या घरात राखणदाराचं नाव चेष्टेत घेत नाहीत. त्याने नारळ आणला आणि भर दुपारी, मैदानात चिटपाखरू नसताना, हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा, उद्या माझ्या चेडवाक खेळूक मिळूंदे. तिच्या आड जो कोण येत आसात, तेका बाजूक कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं एकाने घालायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही रीत. इथे जमलेलं कोणीच नव्हतं. आता तेही आपणच म्हणावं की काय, अशा विचारात तो पडला, तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी सावकाश म्हणालं, "व्हय म्हाराजा."

त्याने वळून पाहिलं. अख्खं मैदान रिकामं. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. सत्यवान घरी पोहोचला तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती.

संध्याकाळी किशोरी विहिरीच्या पायरीवरून घसरल्याचं कळलं. मग अनुजाला ताप भरला. सकाळी गांधीलमाशीने आकांक्षाचा डोळा सुजवला. तिघीही पहिल्या सात जणींतल्या.

"अवो, आपली अक्षया सातात इली!" सावित्री नवऱ्याच्या ताटात घावणे वाढत म्हणाली. त्याने ताट बाजूला सारलं. आपल्या पोरीपायी आपण तीन घरांतल्या लेकी आडव्या केल्या, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

सामन्याआधी तो सरांपुढे हात जोडून उभा राहिला. "सर, अक्षयाक बसवा!"

"बारा वर्सां शिकवतंय, असा कोणी म्हणाक नाय माका."

सत्यवानाने सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता सर पांढरेफटक पडले.

"तिच्या आड येयत तेका बाजूक कर, असा मागलात? काका, दोन वर्सां तिच्या आड कोण इलो? मीच मां!"

"म्हणान तर सांगतंय, तिका बसवा."

"आणि आता तिका बसवा कोण म्हणता? तुमी! मगे आड कोण येता?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मैदानाकडे पाठ न करता, मागे मागे चालत ते फाटकाबाहेर गेले आणि सोडावाल्याच्या हातगाडीआड दडून बसले. आतून आरडाओरडा ऐकू येत होता. डोकावायचं धाडस दोघांनाही नव्हतं. प्रत्येक ओरडण्यासरशी सत्यवान दचके, आता कोण पडलं म्हणून.

तासाभराने अक्षया बाहेर आली. ढोपर फुटलेलं, अंग धुळीने माखलेलं, चेहरा उजळलेला.

"बाबा, जिकलंव! माका चार गुण गावले!"

सत्यवानाचे डोळे भरून आले. "कोण पडाक नाय मां?"

"नाय. पण सर, तुमी खंय गेल्यात? तो धोतरातलो आजो नसतो तर आमचा काय खरा नव्हता. सातविणीखालसून उठलो नि रेषेवर येवन उभो रवलो. सगळ्यांका पाळी पाळी खेळयल्यान."

सरांनी फाटकातून डोकावून पाहिलं. सातविणीखाली पाषाणाशिवाय काही नव्हतं. पाषाणासमोरची धूळ मात्र पायांनी तुडवलेली होती.

"आणि तुका किती खेळयल्यान?" सत्यवानाने विचारलं.

"पाच मिनटां. मगे म्हणालो, बस गो आता, दुसऱ्यांकव खेळूंदे."

"पाचच मिनटां?" सत्यवान ताडकन उठला. भीती कुठल्या कुठे पळाली. "ह्यो खंयचो न्याय? थांब, इचारतंय तेका!" आणि तो तरातरा सातविणीकडे निघाला.

निलेश सर हातगाडीआडून हलले नाहीत. त्यांनी तिथूनच हात जोडले. "बारा वर्सां मी सोसलंय, म्हाराजा," ते पुटपुटले. "आता तुमी बघा."