शकूअक्कांच्या पापण्या

शकूअक्कांनी एकदा कुत्र्याचं बिस्किट खाल्लं होतं. चुकून नव्हे. चांगलं बशीत घेऊन, चहाबरोबर. समोरच्या चौधरींचा टॉमी दोन दिवस त्या बिस्किटांना तोंड लावत नव्हता आणि चौधरीवहिनी दुकानदाराच्या नावाने बोटं मोडत होत्या. अक्का फाटकापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "नमुना घेतला का तुम्ही?"

वहिनींना वाटलं, चेष्टा चाललीय. अक्कांनी पुड्यात हात घातला, एक बिस्किट घरी नेलं आणि दहा मिनिटांत परत येऊन निकाल दिला, "मीठ नही शे. बाकी माल चांगला शे. कुत्र्याचे लाड कमी करा."

मी धुळ्यात एका कॉलेजच्या कार्यालयात काम करते. अक्का आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. त्यांची सगळी नोकरी पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत गेली. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून यायचं आणि अक्का ते प्यायचं की नाही ते सांगायच्या. एखादा सरपंच म्हणाला, "बाई, आमचं पाणी अमृत आहे," तर अक्का विचारायच्या, "नमुना आणला का?" निवृत्त झाल्या, बाटल्या सुटल्या, प्रश्न काही सुटला नाही. नवी सून कशी आहे, नवा डॉक्टर कसा आहे, नागलीचे पापड कोणाचे चांगले, काहीही बोला, अक्का मधेच चष्मा वर करणार, "नमुना घेतला का?"

कॉलनीत त्यांच्या माघारी त्यांनाच 'नमुना' म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे. "म्हणू दे," त्या म्हणतात, "नाव तर बरोबर घेतात."

चाळीसगावला विजेवरची गारेगार बस सुरू झाली तेव्हा लोक म्हणायला लागले, सीट चांगली नाही, कंबर मोडते. अक्का सकाळी त्या बसने चाळीसगावला गेल्या, स्टँडवर उभ्या उभ्या चहा घेतला आणि त्याच बसने परत आल्या. चाळीसगावला त्यांचा सख्खा भाऊ राहतो. मी विचारलं, "भावाकडे नाही गेलात?" त्या म्हणाल्या, "मी कमरेच्या कामाला गेले होते." प्रदर्शनात गुडघ्यांसाठी थरथरणारी खुर्ची आली होती. अक्का तिच्यावर इतका वेळ बसल्या की शेवटी विकणाऱ्यानेच हात जोडले.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही सगळ्याजणी देवरेवहिनींच्या गच्चीवर वाळवणाच्या बिबड्या घालायला जमलो होतो. ज्वारीचं पीठ शिजत होतं, ऊन तापत होतं आणि तोंडं त्याहून जास्त. विषय होता गल्लीतल्या एका नवरीच्या पापण्यांचा. पोरीने लग्नात सलूनमधून पापण्या लावून घेतल्या होत्या, लांब, काळ्याभोर, वर वळलेल्या.

"दोन खराटे लावले होते डोळ्यांना," देवरेवहिनी म्हणाल्या.

"घाम आला की गळतात म्हणे. पंगतीत वाढायला वाकली, तर वरणात पडायच्या."

"डिंकाने चिकटवतात बाई. डोळे जातात एखाद्याचे."

अक्का कोपऱ्यात बसून ओल्या फडक्यावर बिबडी थापत होत्या. हात थांबला. चष्मा वर गेला. आम्हाला कळलं, काय येणार ते.

"नमुना घेतला का कोणी?"

देवरेवहिनी हसून म्हणाल्या, "अक्का, आता तुम्हीच घ्या." हे त्यांनी बोलायला नको होतं. अक्कांनी हात धुतले आणि माझ्याकडे बघितलं. "सुनंदा, चाल मनासंगे."

सलून बाजारात, एका औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होतं. पाटीवर 'लक्झरी' हा शब्द सोनेरी अक्षरांत एवढा मोठा होता की पुढचं नाव जिन्यात वळलं होतं. आत गारवा, गुलाबी भिंती आणि एकटीच बसलेली पंचविशीची पूजा. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "मॅम, आपल्यासाठी का?"

"माझ्यासाठी," अक्का म्हणाल्या. पासष्ट वर्षांच्या, साधी सुती पाचवारी नेसलेल्या, केसांना चप्प तेल लावलेल्या अक्का. पूजा क्षणभर गोंधळली, पण हसली नाही. तिथेच ती अर्धी पास झाली.

मग तपासणी सुरू झाली. डिंक कसला? कुठे ठेवतेस? बाटलीवरची तारीख दाखव. चिमटे कशात धुतेस? पूजाने सगळं काढून दाखवलं. ती म्हणाली, "एका पापणीला एकच चिकटवायची, मॅम. दोन एकत्र चिकटल्या तर ओढ बसते, आपली पापणी मुळासकट येते." अक्का मान डोलवत होत्या. पूजा पुढे म्हणाली, "पण आज पूर्ण नाही लावणार. आज कोपऱ्यात चारच लावते. दोन दिवस बघा. खाज नाही आली, लाल नाही झालं, तर या."

अक्का माझ्याकडे वळल्या. निवृत्तीच्या समारंभात शाल मिळाली तेव्हाही त्यांचा चेहरा इतका फुलला नव्हता. "हाई पोर नमुना लेस वं!" त्या म्हणाल्या. जिना उतरताना पुन्हा म्हणाल्या, ही पोर नमुना घेते, आणि रिक्षावाल्यालाही तेच सांगितलं.

दोन दिवस अक्का एका डोळ्याच्या कोपऱ्यात चार लांब पापण्या घेऊन कॉलनीत फिरल्या. दूधवाला म्हणाला, "अक्का, डोळ्यात काही गेलंय." अक्का म्हणाल्या, "गेलं नाही, ठेवलंय."

तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. माझी नेमणूक आधीच झाली होती. "माझे डोळे मिटलेले राहणार. तू डोळा ठेव." पूजाने त्यांना पलंगावर झोपवलं, अंगावर पातळ पांघरूण घातलं, डोळ्यांखाली ओलसर पट्ट्या चिकटवल्या आणि सांगितलं, "आता दोन तास बोलायचं नाही, हसायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत."

अक्का आणि दोन तास गप्प! त्यांनी हाताचा अंगठा वर करून परवानगी दिली.

मी शेजारच्या स्टुलावर बसले. पूजाच्या दोन्ही हातांत दोन चिमटे. एकाने ती अक्कांची एक पापणी बाजूला काढायची, दुसऱ्याने केसाएवढी नवी पापणी उचलून तिच्यावर ठेवायची. करंगळी अक्कांच्या कपाळावर टेकलेली. मधूनमधून ती गालावरचा केस बाजूला करी, भुवईवरून बोट फिरवी. मी म्हटलं, "हात फार हलका आहे गं तुझा."

"आमच्याकडे केळीची बाग आहे, चोपडा तालुक्यात," ती कामावरची नजर न काढता म्हणाली. "घडाला नख लागलं तरी पुढे डाग पडतो. लहानपणापासून वडील ओरडायचे, हळू हात लाव."

अर्धा तास गेला असेल. पूजा एकदम थांबली. अक्कांच्या मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी येत होतं आणि कानाकडे ओघळत होतं. पोरीचा चेहरा पांढरा पडला. "अक्का, जळजळ होतेय का?" 'मॅम' केव्हाच गळून पडलं होतं. "डिंक लागला का? काढू का सगळं?"

अक्कांनी बोट हलवलं. नाही.

"मग?"

"दिवा लागतोय," अक्का ओठ न हलवता म्हणाल्या. "चालू दे तुझं."

पूजाने दिवा बाजूला केला, कापसाने पाणी टिपलं, छोटा पंखा धरला. थोड्या वेळाने पुन्हा पाणी आलं. पुन्हा तिने टिपलं. मी मनात नोंद केली: दिवा प्रखर. एवढंच.

काम झालं. अक्कांनी आरसा घेतला आणि आपल्याच डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. दोनदा उघडझाप केली. "वारा लागतो," त्या म्हणाल्या. पूजा हात बांधून उभी होती, निकालाच्या दिवशी दहावीची पोर उभी राहावी तशी. आमच्या कॉलनीचं मत म्हणजे अक्कांचं मत, हे एव्हाना तिला कळलं होतं. अक्का म्हणाल्या, "रिपोर्ट तीन आठवड्यांनी."

त्याच आठवड्यात चाळीसगावला त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. अक्कांनी मलाही नेलं. तीन भावांना त्यांनीच वाढवलं, शिकवलं. आई लवकर गेली तेव्हा अक्का कॉलेजात होत्या. त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. मांडवात शिरल्या शिरल्या धाकटा भाऊ घाबरून म्हणाला, "अक्का, डोळे आले का तुझे?"

"आले नाहीत, आणले," अक्का म्हणाल्या.

फोटोवाला नवरानवरीला सोडून अक्कांच्या मागे लागला. भाचेसुना तोंडाला पदर लावून हसल्या, मग एकेक जवळ येऊन हळूच पत्ता विचारून गेल्या. अक्का खुर्चीवर ताठ बसून सगळ्यांना तेच सांगत होत्या, "रिपोर्ट बाकी शे."

पापण्या एकेक करून गळायला लागल्या. गळलेली प्रत्येक पापणी अक्का भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या त्या तारखेवर चिकटपट्टीने लावून ठेवत. तीन आठवड्यांनी देवरेवहिनींच्या गच्चीवर बैठक झाली. अक्कांनी उभं राहून रिपोर्ट वाचला. वरणात पडत नाहीत, मुद्दाम आमटीच्या वाफेवर तोंड धरून पाहिलं. कुशीवर झोपता येत नाही. चष्म्याच्या काचेला घासतात. पोरगी हात धुते, घाई करत नाही, आणि नको तिथे नाही म्हणते. ज्याला हौस आहे त्याने जावं, ज्याला नाही त्याने दुसऱ्याच्या डोळ्यांना खराटा म्हणू नये.

पुढच्याच आठवड्यात पूजाकडे आमच्या गल्लीतून दोघी गेल्या. पहिल्या देवरेवहिनी.

माझ्या लेखी विषय संपला. अक्कांचे डोळे पुन्हा त्यांचे झाले, कॅलेंडरचं पान उलटलं. मग गौरीच्या आधी माझ्या भाचीला पापण्या लावायच्या होत्या म्हणून मी एका मंगळवारी दुपारी वेळ ठरवायला पूजाकडे गेले. जिन्याच्या वर दाराशी अक्कांच्या चपला दिसल्या. मला वाटलं, काहीतरी नवं तपासायला आल्या असतील.

पडदा अर्धा सरकलेला होता. अक्का पलंगावर डोळे मिटून झोपल्या होत्या. चिमटे नव्हते, पट्ट्या नव्हत्या, दिवाही बंद होता. पूजा गरम पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने त्यांचं तोंड पुसत होती. कपाळ, भुवया, नाकाच्या बाजूने खाली हनुवटीपर्यंत. अगदी हळू, बाळाचं पुसावं तसं.

मला बघून ती फडकं ठेवून बाहेर आली. "दर मंगळवारी येतात," ती कुजबुजली. "पापण्या गळून संपल्या तेव्हा आल्या, म्हणाल्या, परत लाव. मी म्हटलं, अक्का, तुमच्या स्वतःच्या फार पातळ झाल्यात, आता नको. तर उठेचनात. पडून राहिल्या. मग म्हणाल्या, बरं, नको लावू. नुसता हात फिरव."

"सुनंदा शे का?" आतून आवाज आला. "डोया मिटेल शेतस, कान नहीत."

मी आत जाऊन स्टुलावर बसले. त्या दिवशीचं ते डोळ्यांतलं पाणी मला आता आठवलं, आणि मी त्याची केलेली नोंदही. अक्कांनी डोळे उघडले नाहीत. मला कळलंय हे त्यांना कळलं होतं. मग त्या छताकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या,

"पायले बठ्ठा हात लावतस वं. तोंडले कोन लावस?"

मी सोळा वर्षं त्यांच्या शेजारी राहते. दर दिवाळीला सगळ्यांसारखीच वाकून त्यांच्या पायांना हात लावते. त्यांच्या चेहऱ्यावर उजव्या गालाखाली देवीच्या वणासारखा बारीक खड्डा आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

बाहेर गिऱ्हाईक आलं. पूजाने दोघींकडे बघितलं, फडकं पाण्यातून काढून पिळलं आणि माझ्या हातात देऊन ती पडद्याबाहेर गेली. फडकं कोमट होतं. माझा हात काही पूजासारखा हलका नाही. फाइली उचलून, भांडी घासून राठ झालेला आहे. मी ते कपाळावर टेकवलं तशी अक्कांची भुवई किंचित हलली.

"मी आहे, अक्का," मी म्हटलं.

मी कपाळ पुसलं, मग एक गाल पुसला. माझा हात थांबला तेव्हा अक्कांनी मान हळूच वळवली आणि दुसरा गाल माझ्याकडे केला.