मांडीवरचा मॉनिटर

केबल मी आणली, मीच जोडली, आणि मॉनिटरच्या काळ्या पडद्यावर 'नो सिग्नल' हे दोन शब्द इकडून तिकडं फिरायला लागले, तेव्हा त्या खोलीत माझ्याशिवाय कुणालाच नवल वाटलं नाही.

सासरच्या मंडळींत मी 'कॉम्प्युटरचा माणूस' समजला जातो. कारण एवढंच, की एका लग्नात मी कुणाच्या तरी मामांच्या मोबाइलचा आवाज वाढवून दिला होता. त्या भांडवलावर मी नांदेडच्या एका दुकानात गेलो, तोंडी वर्णन करून एक कन्व्हर्टर आणि केबल घेतली, आणि रविवारी बायकोला घेऊन कंधार गाठलं. लॅपटॉपचं तोंड नवीन, चपटं. मॉनिटर जुना, चौकोनी. त्याचं तोंड निळं, पिनांचं. दोघांच्या मधे माझा कन्व्हर्टर. सगळं जिथल्या तिथं बसलं. पिना बसल्या, स्क्रू बसले. चित्र तेवढं येईना.

गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला.

"सुधाकरराव, नमुना न्हेला होता का?"

"नमुना कशाला? माझ्या चांगलं लक्षात होतं."

"लक्षात," गुरुजी म्हणाले, आणि माझ्या बायकोकडं अशा नजरेनं पाहिलं, की हिच्या गळ्यात हा माणूस बांधल्याचं त्यांना आत्ता कुठं वाईट वाटत असावं.

माणिक गुरुजी म्हणजे माझे थोरले साडू. मंगलच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, सख्ख्या अक्काचे यजमान. सगळी नोकरी कंधारच्या शाळेत ड्रॉईंग मास्तर म्हणून झाली. वर्गात त्यांचा एकच कायदा होता: "मनानं काढू नको, बघून काढ." वांगं काढायचं तर टेबलावर वांगं. कंदील काढायचा तर कंदील. एकदा घोडा काढायचा होता, तर टांगेवाल्याचा घोडा शाळेच्या व्हरांड्यात आणून बांधला. घोड्यानं मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर जे केलं, तेही दोन पोरांनी बघून बघून काढलं. गुरुजींनी त्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले.

निवृत्त झाल्यावर हा कायदा घरात शिरला. नमुना सोबत घेतल्याशिवाय गुरुजी बाजारात पाऊल टाकत नाहीत. नळाचा वायसर आणायचा तर अख्खा नळ काढून नेतात, आणि ते परत येईपर्यंत अक्का पाइपच्या तोंडाला बोळा लावून उभी. पीठ जाडं आलं तर गिरणीवाल्याला दाखवायला भाकरी. सुपारीनं दात मोडला, तर दाताच्या डॉक्टरकडं ती सुपारीसुद्धा नेली. डॉक्टर म्हणाले, "हिचं काय करू?" गुरुजी म्हणाले, "काय न्हाई. फकस्त बघून घ्या कोण होतं ते."

आमची सोयरीक जमताना मला बघायला हेच आले होते. सगळे चहा पीत असताना यांनी खिशातून सुतळी काढली, एक टोक माझ्या टाचेखाली दाबलं आणि डोक्यापर्यंत ताणली. सुतळीला गाठ होती. ती मंगलची उंची. मी गाठीच्या जरा वर निघालो म्हणून माझा संसार झाला.

तर, मॉनिटर.

गुरुजींची एकुलती एक मुलगी सारिका जर्मनीत. तिचं पहिलंच बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ते काही जमत नव्हतं, म्हणून माहेरानंच जर्मनीला जायचं ठरलं. अक्काच्या बॅगेत डिंकाचे लाडू, मेथ्या, बाळंतशोपा, सगळं भरून झालं होतं. आणि अक्का न्हाणीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तिकडं सारिकाला मुलगी झाली, आणि अक्का आता आतल्या खोलीत पलंगावर. डॉक्टरांनी एका कुशीवर तेवढं वळायची परवानगी दिलेली. बसायचं नाव नाही.

हे सारिकाला सांगायचं नाही, असं अक्कानं बजावलं. ओली बाळंतीण, परका मुलूख. ऐकलं तर अंगावरचं दूध जाईल. म्हणून सांगितलं, व्हिसा अडकला. रोज व्हिडिओवर बोलायचं तर अक्का समोर येत नसे. पोरगी चेहरा वाचते म्हणे. ती आतून ओरडायची, "हाताला पीठ हाय गं! तू बाबाशी बोल!" एवढे दिवस त्या घरात इतकं पीठ मळलं गेलं, की एखादी जत्रा जेवली असती.

आता बारसं आलं होतं. तिकडं पाळणा हलणार आणि इकडं बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर सगळी आळी तो बघणार. पण अक्कानं नातीला कसं बघायचं? लॅपटॉप आत नेला, तर त्याचा कॅमेरा पलंग दाखवणार. कॅमेऱ्यावर कागद चिकटवला, तर सारिका विचारणार. त्यावर गुरुजींनी ही युक्ती काढली होती: लॅपटॉप बाहेर, आणि शाळेनं मोडीत काढलेला हा मॉनिटर आत.

"ह्याला कॅमेरा न्हाई," गुरुजी मॉनिटरच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "हिनं बघावं, पण हिला कुणी बघू न्हाई. असंच यंत्र पाहिजे होतं."

आणि त्या यंत्राचं माझ्यामुळं अडलं होतं. आतून अक्काचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या हो. मी पाळणा ऐकंन." ती एवढं समजुतीनं बोलली, की मला कंधारच्या किल्ल्याच्या खंदकात जाऊन बसावंसं वाटलं.

मी गुरुजींना सांगितलं, "मोबाइलवर दोन्ही तोंडांचा फोटो पाठवा. मी परत आणतो."

"फोटोत तोंडाची खोली दिसत न्हाई," गुरुजी म्हणाले. "मी येऊन राहिलो उद्या."

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या स्टँडवर मी त्यांना घ्यायला गेलो. कंधारची गाडी लागली आणि आधी कंडक्टर उतरला.

"हे तुमचे पाव्हणे का? घ्या बरं लवकर. सगळ्या रस्त्यानं भांडण लावलंय."

मागून गुरुजी. गळ्यात लॅपटॉपची पिशवी, आणि हातांत गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर, छातीशी धरलेला. झालं होतं असं, की गर्दीत एका बाईनं गोधडी बघून बाळ समजून यांना जागा दिली. वर विचारलं, "पोरगं का पोरगी?"

गुरुजी खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "मॉनिटर."

बाई उठलेली, गुरुजी बसलेले. निम्मी गाडी बाईच्या बाजूची, निम्मी गुरुजींच्या. शेवटी एक म्हातारे म्हणाले, "बसू द्या की. कुणाचं का आसंना, मांडीवर घेतलंय ना त्यानं." मग मिटलं.

तिथंच वजिराबादेत मुजीबभाईंचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. काउंटरवर गोधडी सोडली तेव्हा मुजीबभाईंनी आधी मॉनिटरकडं आणि मग आमच्याकडं पाहिलं.

"गुरुजी, ये तो अजायबघर का माल है. नया ले जाव ना. पतला, हलका."

"नवा नको. ह्याची अन् ह्याची गाठ घालून द्या."

मुजीबभाईंनी माझा कन्व्हर्टर उचलला, उलटसुलट केला. "ये कौन लाया?"

मी पंख्याकडं बघत राहिलो.

"ये उल्टा है, साब. ये पुराने कॉम्प्युटर से नये टीव्ही को जाता. तुमको नये से पुराने पे आना है. लग जाता, मगर चलता नै. वन-वे है, ये सामने के रोड के जैसा."

"म्हंजे देगलूरच्या गाडीत बसून कंधार कधी येतंय म्हणून वाट बघायलो आपण," गुरुजी म्हणाले. 'आपण' हा त्यांचा मोठेपणा.

उलट दिशेचा कन्व्हर्टर निघाला. मग मुजीबभाईंनी विचारलं, "केबल कितने मीटर की?"

गुरुजींनी खिशात हात घातला. मला माझ्या टाचेखाली काहीतरी जाणवलं. तीच सुतळी नव्हती, पण तिच्याच घराण्यातली होती.

"मीटर मला ठाऊक न्हाई. ही बघा. हितं लॅपटॉप. ही गाठ म्हंजे चौकट. चौकटीवरनं कपाटामागं, ही दुसरी गाठ. अन् हे टोक म्हंजे उशी."

सुतळी उलगडायला लागलो तर दुकान संपलं. मी टोक धरून पायरी उतरलो, फुटपाथ ओलांडला आणि शेजारच्या चपलांच्या दुकानात शिरलो. एका स्कूटरवाल्यानं सुतळीपाशी करकचून ब्रेक मारला. "काय मोजून राहिले काका? रस्ता रुंद करणार का?"

तेवढी लांब केबल मुजीबभाईंनी माळ्यावरून काढली. धुळीनं ती राखाडी झाली होती. आम्ही निघणार, तर गुरुजी हलेनात. "बघितल्याबिगर न्हाई." मग लॅपटॉप काउंटरवर, केबल फुटपाथवरून, आणि मॉनिटर चपलांच्या दुकानात एका स्टुलावर. गुरुजी त्याच्यासमोर उकिडवे बसले. मी बटण दाबलं. सारिकाचा लग्नातला फोटो लॅपटॉपवर होता, तो तिकडं चपलांच्या रांगेत उमटला.

"आली!" गुरुजी ओरडले. एवढ्या मोठ्यानं, की चप्पल घालून बघणारं एक गिऱ्हाईक एका पायावर थांबलं. "सुधाकरराव, आली पोरगी!"

मुजीबभाई हसत होते. "क्या गुरुजी, शादी है क्या घर में?"

"बारसं हाय," गुरुजी म्हणाले. "माझ्या नातीचं. बायकोला दाखवायचंय." आणि लगेच गोधडी झटकायला लागले.

बारशाला मी आणि मंगल सकाळीच कंधारला पोचलो. बाहेरची खोली भरली होती. शेजारच्या बायांना सगळं पढवून ठेवलेलं: अक्काची चौकशी निघाली की 'स्वयंपाकघरात' म्हणायचं. चौकटीवरून केबल नीट खिळ्यांनी बसवली होती, आतल्या खोलीला पडदा होता. पडद्याआड निळसर उजेड हलत होता, म्हणजे चित्र पोचलं होतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "कन्व्हर्टरची दिशा महत्त्वाची असते." कुणी लक्ष दिलं नाही.

सारिका लॅपटॉपवर आली. तिच्या दोन मराठी मैत्रिणी, एक जर्मन शेजारीण, भाड्यानं आणलेला पाळणा. इकडून आमच्या बायांनी पाळणा म्हटला. तिकडं तो अर्धी ओळ उशिरा पोचत होता, त्यामुळं दोन देश मिळून काही एका सुरात येईनात. नाव ठेवलं: ओवी.

"आई!" सारिकानं हाक मारली. "बघितलंस का?"

"बघितलं गं बाई!" आतून अक्का. "हाताला पीठ हाय, आत्ता येत न्हाई!"

सारिकानं बाळाला पाळण्यातून उचललं आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धरलं. धरूनच राहिली. बाळाचं कपाळ, मिटलेल्या पापण्या, नाक. बाहेरच्या बायांचं बघून झालं, काजळाची तीट लावली का नाही यावर बोलून झालं, एक जण म्हणाली, "हात दुखत्याल की पोरीचे." तरी सारिकानं बाळ खाली घेतलं नाही.

"बाबा कुठं गेले?" तिनं मधेच विचारलं.

खरंच, गुरुजी नव्हते. यजमान गायब. मी "बघतो" म्हणून पडदा सरकवून आत गेलो.

अक्का कुशीवर, गाल उशीवर. आणि तिच्या तोंडासमोर, दुसऱ्या एका उशीवर, मॉनिटर चक्क आडवा पाडलेला. कुशीवर झोपलेल्या माणसाला उभा पडदा आडवा दिसतो, हे माझ्या, कॉम्प्युटरच्या माणसाच्या, डोक्यात आलंच नव्हतं. आता चित्र कुशीवर निजलं होतं आणि अक्का कुशीवर निजली होती, त्यामुळं दोघी समोरासमोर होत्या. अक्कानं एक बोट पडद्यावर ठेवलं होतं, बाळाच्या गालावर.

पलंगाला टेकून गुरुजी जमिनीवर बसलेले. मान पार खांद्यावर पाडलेली, कान खांद्याला टेकलेला. तशाच मानेनं ते बघत होते.

"गुरुजी, मान अवघडंल," मी हळूच म्हणालो. "बाहेर लॅपटॉपवर सरळ दिसतंय की."

"न्हाई," त्यांनी मान न उचलता सांगितलं. "हितनं हिला दिसतंय तसंच दिसतंय."

अक्का डोळे न हलवता म्हणाली, "काल मला भिंतीकडं सरकवून सोता बाजूला लोळले. एक डोळा मिटून बघितलं. मंग म्हणाले, शोभा, हा पडदा निजवावा लागतोय." ती हसली आणि तिच्या एका डोळ्यातलं पाणी नाकावरून दुसऱ्या डोळ्यात गेलं. गुरुजींनी धोतराच्या सोग्यानं ते पुसलं. मान तिरपीच, त्यामुळं निम्मं कपाळच पुसलं गेलं.

मी बाहेर आलो आणि सारिकाला सांगितलं, "बाबा आईला पुरण वाटायला मदत करून राहिलेत."

"बरं, काका," सारिका म्हणाली. "सावकाश होऊ द्या."

परतीच्या गाडीत मंगल खिडकीशी होती. मी एकटाच, आपलं कसं निभावलं, सारिकाला शेवटपर्यंत कसा पत्ता लागला नाही, हे सांगत होतो. त्यात कन्व्हर्टरचा उल्लेख पुन्हा झाला असावा, कारण ती माझ्याकडं वळली.

"अहो, सारिकाला सगळं माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. बारशाआधीच तिचा फोन आला होता मला. म्हणाली, मावशी, किती दिवस झाले, आईचा आवाज एकाच जागेवरून येतोय. माझी आई कधी एका जागी बसलेली बघितलीस का तू?" मंगलनं पदर डोक्यावरून सारखा केला. "अन् म्हणाली, बाबांना कळू देऊ नकोस. त्यांना जमलंय असं वाटू दे."