उजवीकडून चार बोटं

सन १९८७च्या मार्च महिन्यात, खालापूरच्या एका सरकारी मंडळाच्या आवारात, मंडळाची मोटार मागच्या उजव्या चाकावर चार बोटं खाली बसली. ही गोष्ट प्रथम ड्रायव्हर बुधाजीच्या लक्षात आली आणि त्याने ती साहेबांना सांगितली. त्याचा गुन्हा एवढाच.

मोटार साधी नव्हती. कस्टमने पकडलेली, जपानी, आणि स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी राहणारी. प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा एक सेन्सर होता, आगपेटीएवढी डबी. गाडी बसली की डबी वर्दी देई, पंप हवा भरी, गाडी उठे. इतका तत्पर कर्मचारी मंडळात दुसरा नव्हता. बुधाजी मात्र अकरा वर्षं हंगामीच होता. त्याला कायम करण्याची ऑर्डर साहेबांच्या टेबलावर सहीला पडली होती, आणि लोधिवलीच्या घरी त्याची बायको पुतळाबाई रोज संध्याकाळी विचारायची, "झाली का वो सई?"

बुधाजीने गाडी चौक गावात अब्बासच्या गॅरेजात नेली. अब्बास खाली शिरला आणि चहा यायच्या आत बाहेर आला.

"डबीची दांडी निसटलीय, बुधाजीभाऊ. ती लोंबली का डबीला वाटतं, गाडी लय उंच झाली. मग ती हवा सोडून देते. फुगा बरा हाय, पंप बरा हाय. डबी खोटं बोलतेय, दुसरं काय नाय."

त्याने बोटाने दांडी वर ढकलली. पंप घुरघुरला आणि गाडी बसल्या म्हशीसारखी सावकाश उठली. अब्बासने दांडी तारेने जागच्या जागी बांधून दिली.

साहेबांनी ती तार पाहिली. "परदेशी यंत्राला तार? कोणाच्या मंजुरीने?"

"पण साहेब, गाडी सरळ झाली."

"विनामंजुरी सरळ झाली."

तार सोडवण्यात आली. गाडी पूर्ववत चार बोटं बसली आणि साहेबांचे समाधान झाले. आता निदान त्यांनी स्वतःच्या हाती घेतले.

"बिघाडाचा दिवा लागलाय?"

"नाय, साहेब."

"म्हणजे गाडी स्वतः सांगतेय की ती सरळ आहे. यंत्र जपानी आहे, बुधाजी. तू लोधिवलीचा."

गाडी सरळ असूनही तिरकी दिसते, त्याअर्थी जमीन तिरकी असली पाहिजे, असे ठरले. भूकरमापक येसाजी दप्तर घेऊन आला. साखळी त्याने पिशवीतून काढलीच नाही. 'सदर आवार दप्तरी सपाट आहे, सबब ते तिरके असू शकत नाही,' असा दाखला लिहून तो भजी खाऊन गेला.

गाडी सरळ, जमीन सपाट. उरला बुधाजी. त्याला डोळे तपासायला कर्जतला धाडण्यात आले. डॉक्टरांनी 'नजर निर्दोष' असा शेरा दिला, आणि तिथेच बिचाऱ्याचा घात झाला.

"डोळे अधू असते तर सहानुभूतीने विचार करता आला असता," साहेब खिन्नपणे म्हणाले. "निर्दोष डोळ्यांनी तुला गाडी तिरकी दिसते, याचा अर्थ तू हेतुपुरस्सर पाहतोस. गाडी सरळ असल्याचं लिहून दे. नाहीतर तुझी ऑर्डर परत जाईल."

पुतळाबाईने भाकरी थापता थापता निकाल दिला. "अवो, तिरकी ऱ्हाईना का! गाडी त्यांची, आवार त्यांचं. आमी आमचं बघायचं."

बुधाजीला मनातून फार वाईट वाटले. उभ्या जन्मात त्याने गाडीबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने सही केली.

त्याच आठवड्यात मंडळाचे अध्यक्ष मुंबईहून आले. त्यांना रसायनीला उद्घाटनाला न्यायचे होते. बुधाजीच्या मनात आशा जागी झाली. एवढा मोठा माणूस, त्याला कुणाच्या सहीची गरज नाही. तो तरी बोलेल.

अध्यक्ष गाडीच्या मागे येऊन थांबले. त्यांनी गाडीकडे पाहिले, साहेबांकडे पाहिले, आणि मान हळूच उजवीकडे कलवली.

"वा! अगदी सरळ आहे की!"

साहेबांनी मान कलवली. मग हेडक्लार्कने, मग कारकुनांनी, मग हार घेऊन उभ्या शिपायाने. फोटोग्राफरने कॅमेराच कलवला. फोटो धुऊन आला तेव्हा त्यात गाडी ओळंब्यात होती. मागची कचेरी तेवढी डावीकडे झुकलेली. साहेबांनी लगोलग इमारतीच्या डागडुजीचा प्रस्ताव पाठवला.

बुधाजीची ऑर्डर त्याच संध्याकाळी निघाली. वाटेत चौकला अब्बासने हाक मारली, "काय रं, डबी खरं बोलाया लागली का?"

"गाडी सरळ हाय," बुधाजी म्हणाला. पण अब्बासच्या तोंडाकडे बघण्याचा त्याला धीर झाला नाही.

तो फोटो अजून कचेरीत, आवक-जावकच्या खिडकीवर टांगलेला आहे. तिथे गेलात तर पाहा. तिरकं काय आहे ते तुम्हाला एका नजरेत कळेल. तुम्ही बोलणार मात्र नाही. तुमचाही एखादा कागद आत सहीला पडलेला असेलच.